निऑनसदृश अक्षरांकन

निऑन वायूच्या दीप्तिमान नलिकांनी घडविलेल्या अक्षरांचा आभास कागदावर किंवा पडद्यावर निर्माण करण्याची आरेखनपद्धती. जाहिराती, चित्रपटांची भित्तिपत्रके, ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, तसेच पुस्तके व नियतकालिके यांची मुखपृष्ठे यांसाठी ती वापरतात. पूर्वी हे काम कुंचला, एअरब्रश (दाबाखालील हवेने रंगाचा सूक्ष्म फवारा मारणारे उपकरण) व छायाचित्रण यांच्या साहाय्याने होत असे. १९९० नंतर ते मुख्यत्वे संगणकावरील आलेखन सॉफ्टवेअरद्वारे होऊ लागले. निऑन नलिका स्वतः प्रकाश देते. छापील कागद मात्र त्याच्यावर पडलेला प्रकाश केवळ परावर्तित करतो. त्यामुळे नेहमीच्या शाईने निऑनचा प्रकाश प्रत्यक्ष छापता येत नाही. त्या प्रकाशाचे भोवतालच्या अंधारावर, भिंतीवर व लगतच्या वस्तूंवर होणारे परिणाम तेवढे दाखविता येतात. या अक्षरांकनाचे जवळजवळ सर्व तंत्र या एका मर्यादेतून उद्भवलेले आहे. प्रस्तुत नोंदीत नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरील शीर्षकाच्या संदर्भात, विशेषतः देवनागरी लिपीच्या दृष्टीने, त्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक आढावा : कमी दाबाखालील वायूंतून विद्युत् प्रवाह सोडला असता ते प्रकाशमान होतात, हे हाइन्‍रिख गाइस्लर या जर्मन काचकारागिराने १८५७ च्या सुमारास तयार केलेल्या नलिकांमुळे सर्वपरिचित झाले. विल्यम रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्झ यांनी १८९८ मध्ये लंडन येथे द्रवीकृत हवेपासून निऑन वायू वेगळा केला. ‘नवा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव देण्यात आले. हवेत त्याचे प्रमाण घनफळाने दहा लाख भागांत सु. १८ भाग इतके अल्प आहे. हवेचे द्रवीकरण औद्योगिक प्रमाणावर होऊ लागल्यावरच तो पुरेसा उपलब्ध झाला. या उद्योगाशी निगडित असलेले फ्रेंच अभियंते झॉर्झ क्लोद (१८७०–१९६०) यांनी डिसेंबर १९१० मध्ये पॅरिस येथील मोटारगाड्यांच्या प्रदर्शनात निऑनचे दिवे प्रथम लोकांपुढे मांडले. नलिकेतील विद्युत् अग्रे लवकर झिजू नयेत म्हणून त्यांनी केलेल्या सुधारणेला १९१५ मध्ये अमेरिकेचे एकस्व मिळाले. १९२० नंतरच्या दोन दशकांत या नलिकांच्या पाट्या यूरोप-अमेरिकेतील आणि पुढे आशियातील मोठ्या शहरांत पसरल्या. मुंबईसारख्या शहरातही चित्रपटगृहे, उपाहारगृहे व दुकाने यांच्या दर्शनी भागांवर त्या झळकू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या पेट्यांत नळीदिवे बसविलेल्या स्वस्त पाट्यांनी निऑनला मागे सारले. पुढे मात्र कलावंतांचे लक्ष पुन्हा या माध्यमाकडे वळले. अमेरिकन कलावंत ब्रूस नाउमान यांनी १९६० नंतरच्या दशकात निऑन अक्षरांच्या कलाकृती केल्या. रॉबर्ट व्हेंटुरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनूर यांच्या लर्निंग फ्रॉम लास व्हेगास (१९७२) या ग्रंथामुळे रस्त्याकडेच्या दीप्तिमान पाट्यांचा वास्तुकलेच्या संदर्भात गंभीरपणे विचार होऊ लागला. लॉस अँजेल्स येथे १९८१ मध्ये निऑन कलेचे स्वतंत्र संग्रहालय स्थापन झाले. याच सुमारास भित्तिपत्रके व मुखपृष्ठे यांवर एअरब्रशने रंगविलेली निऑन अक्षरे लोकप्रिय झाली. क्वचित खरी नलिका घडवून तिचे छायाचित्र घेण्यात येई. परंतु तो मार्ग खर्चिक व वेळखाऊ होता.

संगणकाधारित पद्धतीचा पाया दोन प्रकारच्या साधनांनी घातला. पहिला प्रकार गणितीय वक्ररेषांवर आधारलेला आहे. मोटारीच्या पत्र्यांचे आकार रेखण्यासाठी फ्रान्समध्ये प्येअर बेझ्ये व पॉल द कास्तेलझो यांनी विकसित केलेल्या वक्ररेषा पोस्टस्क्रिप्ट (१९८४) या पृष्ठवर्णनभाषेत आल्या आणि त्यांवर ॲडोबी इलस्ट्रेटर (१९८७), कोरलड्रॉ (१९८९), इंकस्केप (२००३) इ. सॉफ्टवेअरे उभी राहिली. दुसरा प्रकार चित्रबिंदूंच्या (पिक्सेलच्या) जाळीवर काम करणारा होय. ॲडोबी फोटोशॉप १९९० मध्ये प्रसृत झाले. त्यात १९९४ मध्ये स्वतंत्र स्तरांची आणि १९९८ मध्ये स्तरांना प्रभा, छाया इ. परिणाम देण्याची सोय आली. गिम्प (१९९६) या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये निऑन अक्षरे आपोआप तयार करणारी आज्ञाही पुढे समाविष्ट झाली. या सोयींमुळे पूर्वी काही दिवस चालणारे काम काही मिनिटांत होऊ लागले; तथापि तयार आज्ञांवरच विसंबल्याने सर्वत्र एकाच छापाची, निर्जीव वाटणारी अक्षरेही दिसू लागली. म्हणून ज्या वस्तूचा आभास करावयाचा तिची घडण माहीत असणे आवश्यक ठरते.

नलिकेचे स्वरूप : निऑन पाटीतील नलिका सामान्यतः ८ ते १५ मिमी. व्यासाची असते. कारागीर नलिका ज्योतीवर मऊ करतो आणि उष्णतारोधी पत्र्यावर ठेवलेल्या, उलट्या काढलेल्या आराखड्यावर ती वळवितो. वळणाच्या जागी नळी चेपू नये म्हणून रबरी नळीने तिच्यात हलकी फुंकर घालीत राहावे लागते. वळणे पूर्ण झाल्यावर दोन्ही टोकांना विद्युत् अग्रे जोडतात. प्रबळ प्रवाहाने नळी तापवून आतील अशुद्ध वायू पंपाने काढून टाकतात आणि वातावरणीय दाबाच्या सु. एक शतांश दाबाने निऑन भरतात. रोहित्राच्या साहाय्याने काही हजार व्होल्ट दाब दिला की, वायूचे अणू उद्दीपित होतात व नारिंगी-तांबडा प्रकाश देतात. निऑनच्या वर्णपटातील ठळक दृश्य रेषा सु. ५८५ ते ७०३ नॅनोमीटर या पट्ट्यात येतात. निळ्या प्रकाशासाठी आर्गॉन व पारा यांचे मिश्रण वापरतात. पाऱ्याच्या बाष्पातून निघणाऱ्या जंबुपार किरणांनी नलिकेच्या आतील अनुस्फुरक लेप उजळवून हिरवा, गुलाबी, पांढरा इ. अनेक रंग मिळविता येतात. व्यवहारात या सर्वांनाच ‘निऑन’ म्हणतात. [⟶ निऑन].

आरेखनाच्या दृष्टीने या घडणीतील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, नलिकेची जाडी सर्वत्र सारखी असते. बोरूने लिहिलेल्या अक्षरातील जाड-बारीक रेषांचा भेद तिच्यात संभवत नाही. दोन, नलिकेला दोनच टोके असतात आणि तिला फाटा नसतो. विद्युत् प्रवाह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकाच मार्गाने जात असल्याने तीन रेषा एका बिंदूत खऱ्या अर्थाने मिळू शकत नाहीत. एक नलिका दुसरीच्या मागून जाते किंवा तिच्यालगत येऊन थांबते. तीन, अक्षराचा भाग नसलेला परंतु दोन भागांना जोडणारा नलिकेचा अंश काळ्या रंगाने झाकावा लागतो. ही झाकलेली वळणे, काचेचे आधार व तारा दिवसा स्पष्ट दिसतात आणि रात्री अंधारात लपतात. चित्रात त्यांचा पुसटसा उल्लेख असला, तरी पाहणाऱ्याला अक्षर खऱ्या काचेचे वाटते.

देवनागरी अक्षरांची रचना : आभासी नलिकेसाठी अक्षराची बाह्यरेषा नव्हे, तर मध्यरेषा लागते. संगणकातील मुद्राक्षरे बाह्यरेषांच्या रूपात साठविलेली असतात. ठळक मुद्राक्षर घेऊन त्याच्या बाह्यरेषेला चमक देणे ही सर्वांत सामान्य चूक होय. त्यामुळे प्रत्येक रेषेच्या जागी दोन समांतर नलिका दिसतात आणि देवनागरीतील ‘क्ष’, ‘ध’, ‘भ’ यांसारख्या अक्षरांच्या लहान पोकळ्या प्रकाशाने भरून जाऊन अक्षर वाचता येत नाही. बारीक, एकसारख्या जाडीच्या मुद्राक्षराचा आधार घेऊन त्यावर नवी मध्यरेषा हाताने आखणे इष्ट असते. सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे व वेलांट्या चुकीच्या जागी पडत. नव्या आवृत्त्यांतही भारतीय लिपींची जुळणी करणारी सोय निवडलेली आहे ना, हे आखणीपूर्वी तपासावे लागते.

शिरोरेघ ही देवनागरीची विशेष अडचण आणि विशेष शोभाही आहे. रोमन लिपीतील अक्षरे सुटी असल्याने प्रत्येक अक्षराची नलिका स्वतंत्र ठेवता येते. देवनागरीत मात्र उभ्या दंडांची टोके शिरोरेघेला टेकतात आणि प्रत्येक ठिकाणी तिवठा तयार होतो. नलिकेला फाटा नसल्याने शिरोरेघ स्वतंत्र नलिका मानून दंडांची टोके तिच्याखाली नलिकेच्या निम्म्या व्यासाएवढ्या अंतरावर थांबवावीत, किंवा दंड वर नेऊन काटकोनात वळवून त्याचीच शिरोरेघ करावी. दुसऱ्या पद्धतीत शिरोरेघ अक्षरागणिक तुटते. ती शब्दाला हस्तलिखिताचा ओघ देते, परंतु लांबून पाहताना शब्दाची एकसंधता थोडी उणावते.

‘क’ हे अक्षर या दृष्टीने उद्‍बोधक आहे. त्यातील डावीकडील पोकळी व उजवीकडील आकडा ही एकच सलग नलिका मानता येते. दंडाजवळ सुरू होऊन ती डावीकडे वळते, परत येते, दंडाच्या मागून पार होते आणि उजवीकडे खाली उतरते; दंड ही दुसरी नलिका होय. ‘र’ बहुधा एकाच नलिकेत बसतो. ‘त्र’ मधील आडवी रेषा दंडाजवळ पोहोचून तेथेच तीव्र वळण घेते व तिरकी होऊन डावीकडे खाली येते. एवढा भाग एका नलिकेचा व दंड दुसरीचा मानला, की ‘रात्र’ हा शब्द शिरोरेघेसह पाच नलिकांत लिहिता येतो : ‘र’ ची एक, काना एक, ‘त्र’ च्या दोन व शिरोरेघ एक. अनुस्वारासाठी भरीव ठिपका शक्य नसतो. तेथे लहानसे वर्तुळ किंवा आखूड तुकडा योजावा लागतो. अशी गणना चित्रात कोठेही उघड दिसत नाही. तथापि एका नलिकेवरून जाणाऱ्या दुसरीची बारीक छाया, तिच्या टोकाचा काळसर भाग व वळणाची गोलाई या गणनेमुळेच योग्य जागी पडतात.

मराठी नियतकालिकांत हाताने रेखलेल्या शीर्षकांची परंपरा जुनी आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या मासिक मनोरंजनाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून विशेषांकांच्या मुखपृष्ठाला महत्त्व येत गेले. पुढे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिराती व नियतकालिकांची शीर्षके यांत विषयानुरूप अक्षररचनेचा आदर्श घालून दिला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखनापासून संगणकीय मुद्राक्षरांपर्यंत देवनागरीचा शास्त्रशुद्ध विचार केला. अक्षर हे विषयाचे रूप घेते, परंतु आपली मूळ घडण सोडत नाही, ही या परंपरेची शिकवण निऑनसदृश अक्षरांनाही लागू पडते. [⟶ अक्षरांकन].

प्रकाशाची मांडणी : मुखपृष्ठ ए-४ आकाराचे (२१० × २९७ मिमी.) असल्यास कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी. जादा भाग धरून चित्र २१६ × ३०३ मिमी. ठेवतात, इंचाला ३०० चित्रबिंदू या विभेदनाने ते सु. २,५५१ × ३,५७९ चित्रबिंदूंचे होते. शीर्षकाची अक्षरे ६० मिमी. उंच योजिली आणि प्रत्यक्ष पाटीतील ३०० मिमी. उंचीची अक्षरे १२ मिमी. व्यासाच्या नलिकेची असतात असे गृहीत धरले, तर त्याच प्रमाणात चित्रातील नलिका २·४ मिमी., म्हणजे सु. २८ चित्रबिंदू रुंद येते. हे प्रमाण सोडून नलिका फार जाड केली, तर अक्षरे रबरी वाटतात; फार बारीक केली, तर त्यांची प्रभा नलिकेशी विसंगत दिसते.

आखलेल्या मध्यरेषेपासून पुढील स्तर क्रमाने तयार करतात. सर्वांत वर नलिकेचा गाभा असतो. त्याची रुंदी नलिकेच्या सु. एक-तृतीयांश व रंग जवळजवळ पांढरा ठेवतात. प्रत्यक्षात तांबडी निऑन नलिका डोळ्यांना बरीचशी एकरंगी दिसते. पांढरा गाभा ही मुख्यतः छायाचित्रातून रूढ झालेली खूण आहे, कारण प्रकाशाचा अतिरेक झाला की, चित्रपट्टिका किंवा संवेदक संपृक्त होऊन रंग नाहीसा होतो. वाचकाला ती खूण परिचित झालेली असल्याने ती टाळता येत नाही; मात्र गाभ्याची कड मऊ ठेवावी. गाभ्याखाली नलिकेच्या मूळ रंगाचा पट्टा व त्याखाली काचेच्या कडेची किंचित गडद रेषा येते.

यानंतर प्रभा. डोळ्याच्या, भिंगाच्या व हवेच्या सूक्ष्म विकिरणामुळे तेजस्वी वस्तूभोवती प्रभा दिसते. ती वस्तूजवळ झपाट्याने व पुढे अतिशय सावकाश क्षीण होते. सॉफ्टवेअरमधील गाउसीय धूसरता एकदाच वापरली असता प्रभा काही अंतरावर एकाएकी संपल्यासारखी दिसते, कारण गाउस वक्राची शेपटी फार लवकर शून्याकडे जाते. म्हणून नलिकेच्या चार प्रती घेऊन त्यांना अनुक्रमे १४, २८, ५६ व ११२ चित्रबिंदू त्रिज्येची धूसरता देतात आणि त्या एकमेकींवर चढवितात. पहिल्या प्रतीचा रंग फिकट व शेवटच्या प्रतीचा अधिक गडद ठेवल्यास प्रकाश दूरवर पसरल्याची जाणीव होते.

भिंतीवर पडणारा उजेड हा प्रभेहून वेगळा स्वतंत्र स्तर असतो. लांब सरळ नलिका भिंतीपासून ठराविक अंतरावर समांतर असेल, तर नलिकेच्या अगदी मागे भिंत सर्वाधिक उजळते. तेथून बाजूला तेवढ्याच अंतरावर उजेड निम्मा, दुप्पट अंतरावर एक-पंचमांश व तिप्पट अंतरावर एक-दशांश राहतो. नलिका भिंतीपासून ४० मिमी. पुढे आहे असे मानले, तर वरील प्रमाणात चित्रात हे अंतर ८ मिमी. भरते, म्हणजे उजेड ८ मिमी.वर निम्मा, १६ मिमी.वर पाचवा हिस्सा व २४ मिमी.वर दहावा हिस्सा दिसला पाहिजे. हा पट्टा अरुंद केला, तर नलिका भिंतीला चिकटल्यासारखी वाटते. रुंद केला, तर ती भिंतीपासून दूर अंतराळी असल्याचे भासते. भिंतीचा पोत (वीट, सिमेंट, पत्रा) या उजेडातच प्रकट व्हावा व अन्यत्र काळोखात विरावा. विटांच्या सांध्यांतील छाया नलिकेपासून दूर जाणाऱ्या दिशेने पडतात. या साध्या नियमाकडे दुर्लक्ष झाल्यास भिंत व अक्षरे दोन वेगवेगळ्या चित्रांतून आणल्यासारखी दिसतात.

प्रकाशाचे स्तर एकमेकांवर चढविताना सॉफ्टवेअरमधील ‘स्क्रीन’ किंवा बेरजेची पद्धत वापरतात. स्क्रीन पद्धतीत दोन्ही मूल्ये १ मधून वजा करून येणाऱ्या संख्यांचा गुणाकार पुन्हा १ मधून वजा करतात. उदा., ०·६ व ०·५ या मूल्यांची साधी बेरीज १·१ होऊन कमाल मर्यादा ओलांडते व तपशील नष्ट होतो. स्क्रीन पद्धतीने ०·८ हे मूल्य मिळते व छटा टिकतात. दुसरी सूक्ष्म गोष्ट मूल्यांच्या संकेतनाची आहे. पडद्यासाठीच्या रूढ संकेतनात ० ते २५५ या मापातील १२८ हे मूल्य कमाल प्रकाशाच्या निम्मे नसून सु. २२ टक्के असते. धूसरता व बेरीज या क्रिया अशा संकेतित मूल्यांवर केल्यास दोन रंगांच्या प्रभा जेथे मिळतात तेथे काळपट किनार उमटते. त्या रेषीय मूल्यांवर केल्यास मिश्रण खऱ्या प्रकाशाप्रमाणे होते. प्रत्येक रंगास ८ ऐवजी १६ बिटांची खोली ठेवणे व शेवटी अल्पसा कण मिसळणे यांमुळे काळोखात विरणाऱ्या प्रभेत पायऱ्या दिसत नाहीत.

रंग व मुद्रण : पडद्यावर तेजस्वी वाटणारे चित्र छापल्यावर फिके पडते, हा या कामातील नेहमीचा अनुभव होय. चकचकीत लेपित कागदावरील काळी शाई तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या साधारणपणे दोन टक्के प्रकाश परत पाठविते. म्हणजे कोरा कागद व काळा भाग यांच्यातील तेजाचे गुणोत्तर सु. ५० : १ इतकेच राहते. लेप नसलेल्या कागदावर ते याहून बरेच कमी भरते. कोऱ्या कागदाहून अधिक उजळ काहीही छापता येत नाही. म्हणून नलिकेच्या गाभ्यात कोणतीही शाई न टाकता कागद तसाच सोडतात. न छापलेली ही जागाच चित्रातील सर्वांत तेजस्वी प्रकाश ठरते. उरलेले तेज भोवतालच्या अंधारातून मिळवावे लागते. पृष्ठाचा बराचसा भाग गडद ठेवण्याचे कारण हेच आहे.

चौरंगी मुद्रणात सर्व रंग सारखे साधत नाहीत. निऑनचा मूळ नारिंगी-तांबडा रंग किरमिजी व पिवळ्या शाईच्या मिश्रणाने बऱ्यापैकी उतरतो. पडद्यावरील झगझगीत हिरवा, विजेसारखा निळा व तीव्र गुलाबी हे रंग मात्र चार शायांच्या आवाक्याबाहेर असतात. त्यामुळे छापील मुखपृष्ठासाठी तांबडी नलिका मुख्य ठेवून निळी दुय्यम ठेवणे शहाणपणाचे असते. पार्श्वभूमीसाठी केवळ काळी शाई वापरल्यास ती करडी दिसते. तिच्यात अन्य शायांची भर घालतात. उदा., निळी ६०, किरमिजी ४०, पिवळी ४० व काळी १०० टक्के मिळून २४० टक्के शाई होते. बेरीज सामान्यतः ३०० टक्क्यांच्या आसपास असलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास शाई वेळेत वाळत नाही व मागील पृष्ठास लागते. वरील उदाहरणातील गाभा छापील पृष्ठावर सु. ०·८ मिमी. रुंद असतो. चार शायांच्या छपाईत ०·१ मिमी. इतकी सरक झाली, तरी त्याच्या कडेला परकी रेषा उमटते. म्हणून गाभ्यालगत केवळ किरमिजी व पिवळी या दोनच शाया ठेवून काळी शाई थोड्या अंतरापासून हळूहळू सुरू करतात. [⟶ मुद्रण].

बोलीभाषेत ‘निऑन रंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनुस्फुरक शाया ही वेगळी गोष्ट होय. अमेरिकेत बॉब व जोसेफ स्विट्झर या बंधूंनी १९३० नंतरच्या दशकात अशा रंगांचा विकास केला. जंबुपार व निळा प्रकाश शोषून तो दृश्य रंगात बाहेर टाकीत असल्याने या शाया साध्या शायांपेक्षा उजळ दिसतात. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वायर्ड या नियतकालिकाने अनुस्फुरक व धातुवर्णी शायांचा मुक्त उपयोग करून एक नवे दृश्यरूप रूढ केले. निऑनसदृश शीर्षकात प्रभेखाली अशा शाईचा पाचवा रंग दिल्यास परिणाम वाढतो. परंतु खर्च वाढतो, सूर्यप्रकाशात ती लवकर विटते आणि अंधारात तिचा उपयोग नसतो. प्रभा, भिंतीवरील उजेड व छाया यांची जागा ती घेऊ शकत नाही.

पृष्ठाची मांडणी : एका पृष्ठावर एकच वस्तू प्रकाश देणारी असावी. शीर्षक, लेखांची नावे व चित्र या सर्वांना प्रभा दिल्यास कोणतीही अक्षरे उजळ वाटत नाहीत. लेखांची नावे साध्या, फिकट, प्रभाहीन मुद्राक्षरांत ठेवून ती शीर्षकाच्या उजेडाच्या पट्ट्याबाहेर मांडावीत. मुखपृष्ठावर व्यक्तिचित्र असल्यास चेहऱ्याच्या शीर्षकाकडील कडेवर नलिकेच्या रंगाची बारीक झाक द्यावी; त्यामुळे व्यक्ती व अक्षरे एकाच जागी असल्याचे पटते. अक्षरांमधील अंतर नेहमीपेक्षा थोडे जास्त लागते, कारण शेजारच्या प्रभा एकमेकींत मिसळून मधली पोकळी भरून काढतात. नियतकालिकाचे शीर्षक ही त्याची ओळख असल्याने नलिकेत रूपांतर करतानाही त्याची नेहमीची ठेवण राखावी लागते. ज्या शीर्षकाची ओळख जाड-बारीक रेषांच्या भेदावरच अवलंबून आहे, ते या पद्धतीस अनुकूल नसते. तेथे विशेषांकाचा विषय तेवढा निऑनरूपात मांडणे योग्य. शेवटी चित्र दोन-तीन सेंमी. रुंदीचे करून पाहावे. दूरध्वनीच्या पडद्यावर वाचकाला मुखपृष्ठ याच आकारात प्रथम दिसते आणि तेथे प्रभेचा डाग होऊन अक्षर हरवण्याचा संभव असतो.

मूल्यमापन : निऑनसदृश अक्षरे रात्रीचे शहर, चित्रपट, संगीत, गुन्हेकथा, विज्ञानकथा अशा विषयांशी दृढपणे जोडली गेली आहेत. या संकेतामुळे त्यांचा उपयोग सोपा झाला व अतिरेकही झाला. विषयाशी संबंध नसताना केवळ झगमगाटासाठी ती वापरली, तर मुखपृष्ठ लवकर जुने वाटते. दरम्यान मूळ वस्तूही विरळ होत चालली आहे. एकविसाव्या शतकात लवचिक आवरणातील एलईडी पट्ट्यांनी काचेच्या नलिकांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. त्या स्वस्त व हाताळण्यास सुरक्षित असतात आणि त्यांना हजारो व्होल्ट दाब लागत नाही. परंतु त्या हव्या तेथे कापता व जोडता येत असल्याने अखंड नलिकेचे बंधन आणि त्यातून आलेली वळणे त्यांच्यात उरत नाहीत. त्यामुळे ज्योतीवर काच वळविणाऱ्या कारागिरांची संख्या घटली आहे व अनेक शहरांतील जुन्या पाट्या उतरविण्यात आल्या आहेत. खरी निऑन पाटी जवळून न पाहिलेल्या वाचकांना तिची ओळख आता बहुधा अशा चित्रांतूनच होते. नलिकेला फाटा नसतो, वळणाला गोलाई असते व प्रकाशाला मागे भिंत लागते, या गोष्टी आरेखकाने पाळल्या, तर त्या कारागिरीचे ज्ञान चित्राच्या रूपाने काही अंशी टिकून राहते. त्या सोडल्या, तर निऑन हा केवळ एका रंगाचा प्रकार उरतो.